परिचारिकेची पाठ

(जागतिक परिचारिका दिनानिमित्त स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



तत्त्वज्ञानाच्या मास्तराला परिचारिकांपुढे बोलायला उभे करणे हे आयोजकांचे धाडस आहे. शिरेत सुई घालणे सोडाच, मला साधे ब्लडप्रेशर मोजता येत नाही. निवृत्तीनंतर एका नर्सिंग कॉलेजात नीतिशास्त्राचे तास घेतले, तेवढीच माझी पात्रता. तिथल्या मुलींनी विचारलेल्या प्रश्नांपायी जे वाचावे लागले, त्यातले थोडे आज तुमच्यापुढे ठेवतो. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते त्या मेट्रनबाईंना पाल्हाळ खपत नसे, असे मघाशी इथे सांगण्यात आले. तेव्हा सरळ विषयाला हात घालतो.

विषय पाठीचा आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, हा तुमच्या शिक्षणातला अगदी सुरुवातीचा धडा. माकडहाड, टाचा, खांद्याची पाती, जिथे हाड कातडीच्या जवळ येते तिथे दाब बसतो, रक्त पोचत नाही, कातडी लाल होते, मग काळी पडते, मग जखम थेट हाडापर्यंत जाते. हे टाळायला औषध नाही. टाळायला दोन हात लागतात, आणि ते वेळेवर लागतात.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात 27 नोव्हेंबर 1973 रोजी अरुणा शानबाग ही तरुण परिचारिका ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेली. तिथे रुग्णालयातल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने तिच्यावर हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेला, मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्यानंतर साडेएकेचाळीस वर्षे ती त्याच रुग्णालयात पडून होती. 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने गेली. तिच्या दयामरणाचा अर्ज एका लेखिकेने सर्वोच्च न्यायालयापुढे आणला तेव्हा 7 मार्च 2011 च्या निकालपत्रात एक गोष्ट आवर्जून नोंदली गेली: इतक्या वर्षांत तिला एकही बेडसोअर झाला नव्हता. दोन तासांचा नियम धरून हिशेब केला तर तोवर दीड लाखाहून अधिक वेळा कूस बदलणे होते. ज्या मुलींनी तिला शेवटी सांभाळले त्यांतल्या कित्येक तो हल्ला झाला तेव्हा जन्मल्याही नव्हत्या. न्यायालयाने अर्जदार लेखिकेऐवजी केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच अरुणाचे निकटचे मानले. तिचे भले काय, हे तिची पाठ पुसणाऱ्यांना अधिक कळते, असा त्याचा अर्थ मी घेतो.

तत्त्वज्ञानात यावर एक मोठा वाद बसवता येतो. नेल नॉडिंग्ज या अमेरिकन विदुषीने 1984 साली काळजीच्या नीतीवर पुस्तक लिहिले. काळजी घेणाऱ्याने ती घेतली म्हणजे झाले असे नाही, समोरच्याने ती कुठल्यातरी रीतीने स्वीकारली तरच ते नाते पुरे होते, असे तिचे म्हणणे. मग जिला बोलता येत नाही, ओळखता येत नाही, तिच्याशी नाते कसले? केईएमच्या परिचारिकांना हा प्रश्न पडल्याचे दिसत नाही. आवडीचे अन्न तोंडात गेले की तिचा चेहरा बदलतो, असे त्यांचे म्हणणे होते. बाहेरच्याला तो बदल दिसला नसता. रोज पाहणाऱ्याला दिसतो. ज्ञान कुठून येते यावर आम्ही ग्रंथ लिहितो. त्यातला एक प्रकार स्पंजिंग करताना येतो, हे मात्र आमच्या अभ्यासक्रमात नाही.

ही कथा आपण भक्तिभावाने सांगतो. तिचा दुसरा भाग मात्र सहसा कुणी सांगत नाही. त्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला होता. अरुणाची नीट व्यवस्था व्हावी आणि आपल्याला सुरक्षितपणे काम करता यावे, या दोन्ही मागण्या त्यात एकत्र होत्या. पुढे पालिकेने तिला केईएममधून हलवायचा विचार केला तेव्हाही त्याच आडव्या आल्या. सेवा आणि संप या दोन गोष्टी आपण परस्परविरोधी मानतो. त्या बायकांनी तसे मानले नाही. कपडे बदलायला सुरक्षित खोली हवी, ही स्वतःच्या काळजीची पहिली पायरी त्यांनी ओळखली. 2024 च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीत सेमिनार हॉलमध्ये विसावलेल्या तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाल्याचे आपण वाचले. मधे पन्नास वर्षे गेली आहेत.

मला आज जे म्हणायचे आहे ते एवढेच: परिचारिकेने स्वतःची काळजी घेणे ही तिच्या फावल्या वेळातली खाजगी बाब नाही. ती ड्युटीच्या यादीत लिहायची गोष्ट आहे. हे म्हणायला तत्त्वज्ञ कशाला हवा, असे तुम्ही विचाराल. हवा, कारण याच्या उलट विचार फार जुना आहे आणि चांगल्या माणसांनी मांडलेला आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे तुम्ही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात शुश्रूषा करणाऱ्याला वैद्याच्या ओळीत बसवले आहे, याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. मग प्रत्येकाचे चार-चार गुण येतात. उपस्थात्याला कामाचे ज्ञान हवे, दक्षता हवी, ज्याची सेवा करायची त्याच्याविषयी अनुराग हवा आणि शुचिता हवी. रोग्याच्या चार गुणांत एक असा की त्याला आपले दुखणे नीट सांगता यावे. उपस्थात्याला आपले काही सांगता यावे, अशी अपेक्षा मात्र कुठे नाही. त्याच सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात शहाण्या माणसाने आपल्या शरीराविषयी कसे सावध असावे तेही सांगितले आहे, आणि दृष्टान्त नगराच्या धन्याचा आहे. ज्याच्याकडे नगर आहे त्याला हा उपदेश. त्या नगरात रात्री जागणाऱ्याला नाही.

बौद्ध परंपरेत गोष्ट अधिक उघडी आहे. विनयपिटकातल्या महावग्गात एक अतिसाराने आजारी भिक्षू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला बुद्धाला दिसतो. बुद्ध आणि आनंद दोघे मिळून त्याला धुतात, उचलून खाटेवर ठेवतात. मग बाकीच्या भिक्षूंना विचारले जाते की याच्याकडे कुणी का पाहिले नाही. उत्तर प्रामाणिक आहे: हा संघाच्या काही कामाचा नाही. त्यावर बुद्ध म्हणतो, तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही; तुम्हीच एकमेकांचे पाहिले नाही तर कोण पाहणार? काळजी ही उपयोगाच्या मोबदल्यात मिळायची वस्तू नाही, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी सांगितले असेल. पुढे चांगल्या शुश्रूषकाची लक्षणे येतात. मलमूत्राची किळस नसावी, आणि मोबदल्याच्या आशेने नव्हे तर मैत्रीने काम करावे. हे वाचून खाजगी रुग्णालयांच्या मालकांनी खूश होण्याचे कारण नाही. भिक्षूला घरभाडे नसते.

याच परंपरेत संयुत्तनिकायात एक डोंबाऱ्याची गोष्ट आहे. तुमच्या विषयावर इतके नेमके मी दुसरीकडे वाचलेले नाही. डोंबारी बांबू उभा करतो आणि आपल्या शिष्याला, मेदकथालिकाला, सांगतो: वर चढून माझ्या खांद्यावर उभा राहा. तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो, म्हणजे खेळ नीट होईल आणि आपण सुखरूप उतरू. शिष्य म्हणतो, असे नाही चालणार. तुम्ही स्वतःला सांभाळा, मी स्वतःला सांभाळतो. त्यानेच आपण खाली उतरू. बुद्ध शिष्याची बाजू घेतो. पण तिथे थांबत नाही. स्वतःला राखणारा दुसऱ्याला राखतो आणि दुसऱ्याला राखणारा स्वतःला राखतो, असे दोन्हीकडून सांगतो. स्वतःला राखणे म्हणजे सजग राहणे. दुसऱ्याला राखणे म्हणजे क्षमा, अहिंसा, मैत्री, करुणा. ज्याचा तोल गेला आहे त्याच्या खांद्यावर प्रेम असले तरी उभे राहता येत नाही. सलग दुसऱ्या रात्रपाळीत पहाटे चार वाजता इन्सुलिनचे युनिट भरणाऱ्या मुलीला हे समजावून सांगावे लागत नाही.

आता फ्लॉरेन्स नाइटिंगेलकडे येऊ. दिवा घेऊन फिरणारी बाई हे चित्र इतके पक्के बसले आहे की तिने लिहिलेले वाचायची गरज कुणाला वाटत नाही. 1854 साली ती स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात गेली. परत आली ती आजार घेऊनच, आणि पुढची कितीतरी वर्षे तिने बहुतेक काम खोलीतून, अंथरुणातून केले. आधुनिक नर्सिंगची संस्थापिका स्वतः दीर्घकाळची रुग्ण होती, हे आपण पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकतो. 1859 साली आलेल्या तिच्या नर्सिंगवरच्या छोट्या पुस्तकात व्यवस्थेवर एक प्रकरण आहे. त्याचे सार असे: तुम्ही हजर असताना जे नीट होते ते तुम्ही नसतानाही नीट होईल, अशी तजवीज तुम्हाला करता येत नसेल तर तुमची सगळी शुश्रूषा वाया गेली. मी सतत तिथे कशी राहू, हा प्रश्नच चुकीचा. मी तिथे नसताना योग्य ते कसे होईल, हा खरा प्रश्न.

या विचाराचा मी बराच काळ पाठपुरावा केला आहे. त्यागाच्या कल्पनेला इतका थंडपणे कुणी उत्तर दिल्याचे मला आठवत नाही. ‘माझ्याशिवाय वॉर्ड चालत नाही’ असे अभिमानाने सांगणारी परिसेविका नाइटिंगेलच्या लेखी नापास आहे. तुमची साधी ‘ओव्हर’ घ्या. एक पाळी दुसऱ्या पाळीला वॉर्ड सोपवते, खाटेमागून खाट, कुणाचे ड्रेन किती, कुणाची लघवी अडली, कुणाचे नातेवाईक चिडलेले. त्या अर्ध्या तासात काळजी एका माणसाच्या हातून सुटते आणि तरी तुटत नाही. परिचारिकेला घरी जाऊन झोपता यावे म्हणून ही पद्धत आहे, आणि तीच रुग्णाचे रक्षण करते. तिथे माणसे कमी पडली की ओव्हर धावत उरकली जाते, आणि चुका तिथेच जन्मतात.

1960 साली इझाबेल मेन्झीज या मनोविश्लेषक बाईंनी लंडनमधल्या एका शिक्षण-रुग्णालयातल्या परिचारिकांवर निबंध लिहिला. तिथल्या शिकाऊ मुलींपैकी एक तृतीयांशाच्या आसपास शिक्षण अर्धवट टाकून जात. मेन्झीजबाईंना तिथे काय दिसले? रुग्णाला नावाऐवजी ‘दहा नंबरचे लिव्हर’ म्हणतात. एका मुलीकडे एकाच रुग्णाचे सगळे देण्याऐवजी तीस जणांचे एकेक काम देतात. झोपलेल्या रुग्णाला झोपेची गोळी द्यायला उठवतात, कारण वेळ झाली. मेन्झीजबाईंनी यासाठी कुणाला निष्ठुर ठरवले नाही. त्यांच्या मते ही सारी रीत मृत्यू, वेदना, किळस, कणव यांच्या माऱ्यापासून वाचायला संस्थेने उभारलेली भिंत होती. भिंत भीती थोपवते आणि कामातले समाधानही थोपवते. हुशार मुली म्हणूनच सोडून जातात. आपल्या वॉर्डातही ‘सात नंबर’ आणि ‘हर्नियावाला’ आहेतच. ज्या संस्थेत रडायला, बोलायला, बसायला जागा नाही तिथे परिचारिका स्वतःला अशी जपते. हीसुद्धा स्वतःची काळजीच, पण उपाशी माणसाने माती खावी तशी.

आता ‘स्वतःची काळजी’ या ज्या संकल्पनेसाठी मला मुळात बोलावले गेले, ती नर्सिंगमध्ये मांडणाऱ्या डोरोथिया ओरेम. 1971 साली त्यांचे पुस्तक आले, आणि तेव्हापासून तुमच्या परीक्षेत त्यांच्यावर प्रश्न येतो. त्यांचा मुद्दा साधा आहे. प्रत्येक माणूस स्वतःची काळजी स्वतः घेत असतो: श्वास, अन्न, मलमूत्रविसर्जन, विश्रांती, एकांत आणि सोबत. आजारात ती क्षमता कमी पडते, आणि जितकी कमी पडते तितकीच परिचारिकेची जागा. कधी सगळे तिने करायचे, कधी अर्धे, कधी नुसते शिकवायचे आणि पाठीशी राहायचे. नर्सिंगच्याच अभ्यासक व्हर्जिनिया हेंडरसन यांनीही त्याआधी तेच म्हटले होते: शक्ती, इच्छा, ज्ञान असते तर रुग्णाने स्वतः जे केले असते ते करायचे, आणि लवकरात लवकर ते त्याच्या हाती परत द्यायचे.

जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरने 1927 च्या आपल्या ग्रंथात दुसऱ्याची काळजी घेण्याच्या दोन रीती सांगितल्या. एकीत तुम्ही समोरच्याच्या जागी उडी घेता, त्याचा भार काढून घेता, आणि तो तुमच्यावर अवलंबून होतो, कधी तुमच्या धाकात जातो. दुसरीत तुम्ही त्याची काळजी त्याला परत देता. हाच माणूस 1933 मध्ये नाझी पक्षात गेला. काळजीवर लिहिल्याने माणूस काळजीवाहू होत नाही, हे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांनी विसरू नये. पण त्याचा भेद वॉर्डात लागू पडतो.

अर्धांगवायू झालेले एक गृहस्थ धरा. तिसरा आठवडा. डावा हात थोडा उचलतो आहे. दुपारचे वरण-भाताचे ताट आले. तुम्ही भरवले तर पाच मिनिटांत ताट रिकामे होते, चादर स्वच्छ राहते. चमचा त्यांच्या हाती दिला तर अर्धा तास लागतो, निम्मा भात अंगावर सांडतो, दोनदा ठसका लागतो, तेव्हा तुम्हाला बाजूलाच उभे राहावे लागते, आणि शेवटी चादर बदलावी लागते. ओरेम, हेंडरसन, हायडेगर तिघेही म्हणतात चमचा त्यांच्या हाती द्या. पण तो अर्धा तास कुणाच्या खात्यातून येणार? दुसऱ्याला परावलंबी करणे स्वस्त आहे. त्याला त्याचा हात परत देणे महाग आहे, आणि ती किंमत परिचारिकेच्या मिनिटांत मोजली जाते. चाळीस खाटांमागे एक सिस्टर असेल तर ती भरवणारच, किंवा नातेवाईक भरवतील. आपल्या सरकारी रुग्णालयांत तर खाटेशेजारी जमिनीवर झोपणारी बायको किंवा सून हीच अघोषित परिचारिका असते, आणि तिचे नाव कुठल्याच यादीत नसते. म्हणून मला वाटते, नर्सिंगचे तत्त्वज्ञान हा मनुष्यबळाचा प्रश्न आहे. माणसे दिली नाहीत तर ओरेमचा सिद्धान्त फक्त परीक्षेत उरतो.

आणि इथेच एक विसंगती दिसते. रुग्णाची स्वतःला सांभाळण्याची क्षमता परत मिळवून देणे हे जिचे काम, तिची स्वतःची ती क्षमता तिची संस्था रोज थोडी थोडी काढून घेते. मूत्रविसर्जन हा ओरेमच्या यादीतला मूलभूत भाग. कोविडच्या वॉर्डात पीपीई घालून सहा-सहा तास पाणी न पिता उभ्या राहिलेल्या मुली इथे बसल्या आहेत. पीपीई नसतानाही तुमच्यातल्या किती जणी पाळीभर लघवीला जात नाहीत, हे विचारून तुम्हाला अडचणीत टाकत नाही. 22 मार्च 2020 च्या संध्याकाळी आपण थाळ्या वाजवल्या. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी गेल्या, त्यांचे उदाहरणही तेव्हा भाषणांतून दिले गेले. पण 1897 साली प्लेग पिसवांमधून पसरतो हे कुणाला ठाऊक नव्हते. 2020 मध्ये विषाणू नाकातोंडातून जातो हे ठाऊक होते. नकळत झालेले बलिदान आणि टाळता येणारे मरण यांना एकाच हारात ओवू नये.

‘सेल्फ-केअर’ हा शब्द आता बाजारात आला आहे. सुगंधी मेणबत्त्या, ध्यानाचे ॲप. रुग्णालयेही मागे नाहीत: ताणमुक्तीची कार्यशाळा ठेवतात, आणि बहुधा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. ग्रीकांकडे स्वतःची काळजी ही कडक शिस्त होती. ‘अल्किबायडीज’ या संवादात अथेन्सवर राज्य करू पाहणाऱ्या तरुणाला सॉक्रेटिस विचारतो की दुसऱ्यांचे पाहण्याआधी तू स्वतःकडे कधी पाहिलेस का. फ्रेंच तत्त्वज्ञ मिशेल फूकोने आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत याच धाग्यावर व्याख्याने दिली, आणि 1984 मध्ये, मृत्यूच्या तोंडावर, त्यावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. पण त्याने वर्णिलेला माणूस बहुधा स्वतंत्र, पुरुष, आणि घरी नोकर असलेला. त्याच्या काळजीचा वेळ कुणीतरी दुसऱ्याने स्वयंपाक करून काढलेला असे.

ही उणीव ज्यांनी भरून काढली त्या तत्त्वज्ञ एव्हा किटे. त्यांची मुलगी जन्मतः गंभीर बौद्धिक अपंगत्व असलेली, त्यामुळे परावलंबन काय असते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. 1999 च्या पुस्तकात त्या म्हणतात, जो दुसऱ्याला सांभाळतो त्याला सांभाळणे हे समाजाचे न्यायाचे कर्तव्य आहे. ती मेहेरबानी नव्हे. त्यांनी प्रतिमा घेतली बाळंतिणीच्या मदतनीस बाईची. ती बाळाला घेत नाही, बाळंतिणीला बघते, म्हणजे बाळंतीण बाळाला बघू शकते. आपल्याकडे यासाठी माहेर आहे. पहिलटकरीण माहेरी येते, तिला डिंकाचे लाडू, शेक, मालिश, भरपूर झोप मिळते, आणि कुणी म्हणत नाही की ही स्वार्थी आहे. सगळ्यांना कळते की बाळाचे दूध तिथून येते. रुग्णालयाने आपल्या परिचारिकेशी निदान इतके तरी शहाणपण दाखवावे.

ते दाखवण्याचे मार्ग गूढ नाहीत. भारतीय परिचर्या परिषदेचे जुने प्रमाण आहे: शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक, आणि शिवाय रजेसाठी राखीव माणसे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने सांगितले की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला महिन्याला 20,000 रुपयांपेक्षा कमी पगार नसावा. हे दोन आकडे मला नीतिशास्त्राच्या बऱ्याच ग्रंथांपेक्षा मोलाचे वाटतात. करुणा, मैत्री, अनुराग हे गुण तुमच्यात आहेत की नाहीत हे तपासायला आम्ही नेहमी तयार असतो. तपासायचे ते हे आकडे.

तेव्हा सभागृहातल्या बाकीच्यांना, म्हणजे माझ्यासारख्यांना, एक विनंती. पुढच्या वर्षी 12 मे रोजी गुलाबाची फुले घेऊन रुग्णालयात जाऊ नका. त्याऐवजी एक लेखी अर्ज द्या: प्रत्येक वॉर्डाच्या दारावर, रुग्णांना आणि नातेवाइकांना दिसेल असा फलक लावा, त्यावर रोज प्रत्येक पाळीत खाटा किती आणि ड्युटीवर परिचारिका किती, एवढे दोन आकडे खडूने लिहा. अर्जाची पोच घ्या. दोन महिन्यांत उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात विचारा. आणि उत्तर आले की ते वर्तमानपत्राला पाठवा.